पाच खणी दर्शनी भिंत: एका वाड्याच्या दुरुस्तीच्या नोंदी

वाडा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठेतला, दुमजली. काम फक्त रस्त्याकडच्या भिंतीचं. पाच खण (दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण), सहा खांब, लांबी ३० फूट. तळमजल्याला काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीत बांधलेली सव्वादोन फूट जाडीची विटांची भिंत, आणि तिच्या आतल्या अंगाला निम्मे बुडालेले ८ × ८ इंची सागवानी खांब. वरच्या मजल्यावर नुसता लाकडी सांगाडा आणि खणाखणात पाच इंच जाडीची पातळ विटांची भर. तक्रार एकच होती: तीन नंबरचा खांब खचला आहे. मोजमापं सुतारांच्या सोयीने फूट, इंच आणि सुतात दिली आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

८ नोव्हेंबर

खांबांना डावीकडून १ ते ६ नंबर दिले आणि ते खडूने नाही, दोऱ्याने बांधलेल्या पत्र्याच्या चकत्यांवर लिहिले. पुढच्या धुळीत खडूचं काही उरत नाही. तुळईखालून पारदर्शक नळीतल्या पाण्याने पाणसळ, म्हणजे पातळी, घेतली. खांब ३ बारा सूत, म्हणजे दीड इंच खाली. खांब ४ तीन सूत. बाकीचे जागेवर.

वरच्या भरीत खांब ३ च्या दोन्ही बाजूंनी उभ्या भेगा. सात भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख टाकली. भेग हलली की काच तडकते. यंत्र लागत नाही, आणि सात पट्ट्यांचा खर्च चहाच्या बिलाएवढा.

६ मिमीच्या गिरमिटाने प्रत्येक खांबाला जमिनीपासून अर्धा, दोन आणि पाच फुटांवर एकेक छिद्र पाडलं. चांगल्या सागाचा भुसा सोनेरी-पिवळा आणि कोरडा निघतो. खांब ३ मधून अर्ध्या फुटावर चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला भुसा आला. ओलाव्याच्या मीटरवर तिथे ३१ टक्के, पाच फुटांवर १३. लाकूड २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर सहसा कुजत नाही. म्हणजे रोग फक्त बुडात आहे.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे, त्यामुळे परवानगीच्या अर्जाला काय ठेवणार, काय काढणार याचा तक्ता जोडावा लागला. ठेवायचं: खांब, केळफुलाचे हस्त (खांब आणि तुळईच्या कोपऱ्यातले कोरीव आधार), तुळया, कडीपाट (कड्या आणि फळ्यांची लाकडी जमीन), वरच्या मजल्याची भर, खिडक्यांच्या चौकटी. काढायचं: सिमेंट, सगळीकडचं. मंगलोरी कौलं ठेवली, पण ती मूळची नाहीत. या कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला, आणि इथल्या वाशांवर जुन्या, दाट रिपांच्या खाचा अजून दिसतात. आधी नळीची कौलं होती.

११ नोव्हेंबर

पहिल्याच आठवड्यात चुना भिजवा, बाकी काही सुरू झालं नसलं तरी. कळीचा चुना (न भिजवलेले खडे) ३०० किलो, ४ × ४ × ३ फुटी खड्ड्यात. आधी पाणी, मग त्यात कळी. उलट केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. चष्मा आणि गमबूट सक्तीचे, बादलीभर साधं पाणी हाताशी. निवळी, म्हणजे चुन्यावरचं निवळ पाणी, वर दोन इंच उभी राहिली पाहिजे. खड्ड्यावर गोणपाट आणि फळ्या. कमीत कमी तीन आठवडे हात लावायचा नाही, जितका मुरेल तितका चांगला.

१५ नोव्हेंबर

तळमजल्याचा सिमेंटचा गिलावा काढायला घेतला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा या पेठेत पाणी शिरलं होतं. मातीच्या भिंती खालून विरघळल्या. त्यानंतरच्या दुरुस्तीत चार फुटांपर्यंत आतून-बाहेरून सिमेंट थापलं गेलं. हेतू चांगला होता आणि त्या काळी दुसरं कोणी काही सुचवलंही नसतं. पण मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतच राहते आणि पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडायची. दोन्ही बाजूंनी सिमेंट आल्यावर तिला बाहेर पडायला एकच वाट उरली, ती म्हणजे खांब.

चूक पहिली. वेळ वाचवायला विजेचा ब्रेकर भाड्याने आणला. दुसऱ्या तासाला खण ३ मधली तीन चौरस फूट भिंत गिलाव्यासकट आत बसली. विटांमधल्या मातीच्या दरजा (सांधे) थरथराटाने मोकळ्या होतात. ब्रेकर परत केला. पुढे छिन्नी-हातोडा, दोन माणसं, दिवसाला सरासरी ३५ चौरस फूट. सिमेंटचा पापुद्रा कडेने तरफेसारखा उचकटला तर मोठ्या लाद्या निघतात. मधून ठोकलं तर वीटही सोबत येते.

१९ नोव्हेंबर

भिंत उघडी झाल्यावर तीन गोष्टी कळल्या.

एक: खांब ३ चं बूड १९६१ नंतर काँक्रीटमध्ये गाडलेलं आहे. तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, वर नऊ इंच काँक्रीटचा डबा, आत पाणी धरलेला. कूज दोन फूट तीन इंचांपर्यंत. बोटाने लाकूड निघतं.

दोन: रस्ता वर आला आहे. दिंडी दरवाज्याला मुळात पाच पायऱ्या, आता दोनच दिसतात. थरावर थर डांबर पडून रस्ता जोत्याच्या माथ्याच्या जेमतेम चार इंच खाली. पावसाचं पाणी जोत्याच्या सांध्यातून थेट आत.

तीन, ही आनंदाची: खांबांच्या भिंतीकडच्या, कधीच न दिसणाऱ्या अंगावर पटाशीने पाडलेल्या रेघा आहेत. खांब २ वर दोन, ३ वर तीन, आणि वर बसणाऱ्या हस्तावरही तेवढ्याच. म्हणजे सगळा सांगाडा आधी जमिनीवर कापून, जुळवून, खुणा करून मग उभा केलेला. जर्मनीतल्या जुन्या फाखवर्क, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या, घरांच्या लाकडांवरही सुतारांच्या अशाच खुणा असतात. रेघांचे फोटो घेतले, वर कागद ठेवून पेन्सिलीने ठसेही घेतले. दुरुस्तीत ही अंगं रंधायची नाहीत, अशी सुतारमिस्त्रींना ताकीद दिली. त्यांनी रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आम्ही अजून असंच करतो, फक्त पेन्सिलीनं."

२४ नोव्हेंबर

खांब ३ वर येणारा भार ढोबळ काढला. कडीपाट आणि वरची माती, वरच्या खणाची विटांची भर, छपराचा वाटा मिळून पावणेतीन टनांच्या आसपास. दहा टनी जॅक दोन घेतले, आठ लोखंडी टेकू.

चूक दुसरी. टेकूंची बुडं थेट शहाबादी फरशीवर ठेवली. फरशीखाली भराव पोकळ होता. जॅकवर भार येताच फरशी फुटली आणि टेकू साडेतीन सूत बसला. खांब ४ च्या बाजूची काचपट्टी तडकली. सगळं सोडवलं, फरशी काढली, एक फूट खणून मुरूम ठोकला, वर ९ × ४ इंची लाकडी ओंडके आडवे टाकून भार पसरवला. दोन दिवस गेले. फरशी वाजवून पाहिली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

२८ नोव्हेंबर

हे काम जॅक लावायच्या आधी करायचं होतं. वरच्या मजल्याची जमीन हलकी केली. मूळ रचना अशी: कड्या, त्यांवर सागाच्या फळ्या, वर पाच इंच माती, मग चुन्याचा कोबा. या कोब्यावर कोणीतरी नंतर पावणेतीन इंच सिमेंटचा थर ओतला होता. दर्शनी खोलीच्या १३० चौरस फुटांतून १३२ घमेली निघाली. एक घमेलं सरासरी १४ किलोचं, म्हणजे साडेअठराशे किलो. एवढं ओझं गेल्यावर, जॅकला हात न लावता, तुळई मधोमध एक सूत वर आली.

जुन्या वाड्यात खर्च करायला एकच दिवस असेल तर तो माळ्यावरचं ओझं उतरवण्यात घालवा.

२ ते ९ डिसेंबर

उचल. दिवसाला एक सूत, तोही सकाळी अर्धा आणि दुपारी अर्धा. प्रत्येक उचलीनंतर टेकूच्या डोक्याशी बाभळीची पाचर मारायची. तेलाचा जॅक रात्रभरात थोडा बसतोच, त्याच्या भरवशावर घर सोडायचं नाही.

पाचव्या सुताला वरच्या खिडकीचं झडप अडकलं आणि खण ४ मधल्या भरीत नवीन केसाएवढी भेग आली. थांबलो. सुताराला बाराच्या बारा सूत परत हवे होते. पण वरच्या मजल्याने गेल्या साठ वर्षांत त्या खचलेल्या आकाराशी जुळवून घेतलं आहे. खिडक्यांच्या चौकटी, वासे, रिपा, सगळं त्याच वळणाने बसलं आहे. खालून सरळ केलं की वरचं तुटतं. जॅकच्या आधी आलेला एक आणि जॅकने दिलेले पाच, असे सहा सूत मिळाले. उरलेले सहा तसेच ठेवले. रस्त्यावरून पाहिलं तर तुळईची किंचित झोळी दिसते, आणि ती दिसू द्यावी असं आमचं मत.

१२ डिसेंबर

चूक तिसरी आणि सगळ्यांत महागडी. परांची एकदाच बांधावी म्हणून वरच्या मजल्यावरचे खण २, ३ आणि ४ एकदम उघडले. सुट्या झालेल्या विटा उतरवून रचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा पाहिला तर खांब ३ चा वरचा भाग भिंतीच्या लांबीत पश्चिमेला दोन सूत कललेला.

कारण रचनेतच आहे. युरोपातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत चौकटीत तिरपे दांडे असतात, ते सांगाडा डोलू देत नाहीत. वाड्याच्या चौकटीत तिरपा दांडा नसतो. खांब, तुळई आणि कोपऱ्यात हस्त, एवढंच. हस्त थोडं धरतो, बाकीचं डोलणं अडवते ती भर. भार लाकूड घेतं हे खरं, म्हणून भर 'नुसती भरलेली' वाटते. पण तीन खण रिकामे केले की उरतं ते खुंट्यांवरचं टेबल. १९९३ च्या किल्लारी भूकंपात लाकडी खणांवर पेललेली माळवदं (मातीची सपाट छपरं) काही घरांत भिंती पडूनही उभी राहिली होती, त्यावरून लाकडी चौकट एकटीच सगळं निभावते असा समज झालेला दिसतो. तिथे कौतुक होतं ते भार पेलण्याचं. सरळ उभं राहण्याचं काम वेगळं.

उपाय: प्रत्येक उघड्या खणात ४ × १ इंची फळ्यांची फुली, शिकंज्यांनी आवळून. जुन्या लाकडात एकही खिळा मारला नाही. साखळीच्या आवळणीने कल दीड सूत परत आणला, अर्धा सूत राहिला. यापुढे एक खण पूर्ण भरून आठ दिवस झाल्याशिवाय दुसऱ्याची फुली काढायची नाही. चार दिवस गेले, आणि परांचीचं भाडं वाढलं ते वेगळंच.

१७ डिसेंबर

लाकूड. नवा साग कितीही वाळवलेला सांगितला तरी मीटरवर २० च्या वर दाखवत होता. असा तुकडा जुन्या, १३ टक्क्यांच्या खांबाला जोडला तर तो आक्रसतो आणि जोड उघडतो. म्हणून पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड, ३,८०० रुपये घनफूट. एकूण ११ घनफूट लागलं: खांबाचं बूड, दोन खिडक्यांच्या चौकटीचे तुकडे, उंबरा, ठिगळं. ४१,८०० रुपये.

पहिली तुळई साग म्हणून आली, निघाली ऐन, म्हणजे दुसऱ्याच झाडाची. वजनाला जड, रंग काळपट, आणि ताज्या ढलपीला चामड्यासारखा सागाचा वास नाही. परत केली. वखारीत रंध्याचा एक हात मारून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी गोष्ट, जुन्या लाकडात तुटलेले खिळे असतात. लोहचुंबक फिरवूनही एक सुटला आणि करवतीचं पातं गेलं.

२१ ते ३० डिसेंबर

खांब ३ दोन फूट सात इंचांवर कापला. कूज संपते त्याच्या वर चार इंच निरोगी लाकूड घ्यायचं, हा हिशेब. जोड अर्धा-अर्धा, लांबी २४ इंच, म्हणजे खांबाच्या जाडीच्या तिप्पट. दोन्ही टोकं सरळ न ठेवता आतून किंचित तिरपी कापली, म्हणजे भार आला की तुकडे एकमेकांपासून पळत नाहीत, आत ओढले जातात. २० मिमीच्या दोन बाभळी खुंट्या. दोन तुकड्यांतली छिद्रं मुद्दाम अर्धा सूत मागे-पुढे ठेवली, त्यामुळे खुंटी ठोकताना जोड आवळतो. बोल्ट, पट्टी, डिंक काहीही नाही. नव्या बुडाचं बुंध्याकडचं टोक खाली ठेवलं.

जोड कापायला चार दिवस, बसवायला सहा. वेळ गेला तो वाकड्या खांबामुळे: मूळ खांब हाताने तासलेला, चारही अंगं गुण्यात (काटकोनात) नाहीत. पहिल्यांदा गुण्या लावून कापलं, जोडात एका बाजूला फट राहिली. मग पातळ फळीवर प्रत्येक अंगाचा छाप घेऊन त्यावरून कापलं.

खांब ४ ची कूज फक्त भिंतीकडून एक इंच. तो कापला नाही. कुजका भाग वाकसाने तासून जुन्या सागाचं ठिगळ बसवलं. इपॉक्सी ओतून भरण्याचा सल्ला दोघांनी दिला होता. नाकारला. इपॉक्सीच्या मागे पाणी अडकतं, आणि पुढची कूज कोणाला दिसत नाही. काँक्रीटच्या डब्याची ती छोटी आवृत्ती झाली असती.

३ जानेवारी

तळखडा. काळ्या दगडाचा, मधोमध ३ × ३ इंची आणि दोन इंच खोल खाच, तिच्यात खांबाचं कुसू (बुडाला कोरलेलं बारीक टोक) बसतं. या खाचेत पाणी गेलं तर बाहेर पडायला जागा नाही. पाथरवटाकडून खाचेच्या तळापासून आतल्या बाजूला उताराची अर्धा इंची पन्हळ काढून घेतली. अर्धा दिवस, १,५०० रुपये. सगळ्या कामात इतक्या थोड्या पैशांत इतकं मोठं काम दुसरं नाही.

रस्ता खाली नेता येत नाही. म्हणून जोत्याच्या बाहेरून दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर खणून खडी भरली आणि तिचा उतार गल्लीच्या गटाराकडे दिला. चर जोत्याच्या पायाच्या खाली न्यायची नाही.

१० जानेवारी

मिश्रण. भर बांधायला: मुरलेला चुना १, सुरखी १, वाळू २, मापाने. सुरखी या वाड्यातल्याच फुटक्या विटांची कुटून, चाळून. जुनी वीट कमी भाजलेली असते, तिची पूड चुन्याशी धरते. भट्टीतल्या आजच्या खणखणीत विटेची पूड केली तर ती नुसती लाल वाळू.

हिरडा फोडून चार दिवस भिजवलेलं पाणी आणि गूळ. गुळाबद्दल एक गैरसमज आहे, जास्त म्हणजे पक्कं. पहिल्या घाणीत (मिश्रणाच्या खेपेत) चुन्याच्या वजनाच्या पाच टक्के घातला. तीन दिवस मिश्रण चिकट राहिलं, बोट रुतत होतं, आणि मुंग्यांची रांग लागली. दोन टक्क्यांवर आणल्यावर ठीक झालं.

चूक चौथी. भिजवलेला चुना पाऊण कामालाच पुरेल असं दिसलं, म्हणून पिशवीतल्या चुन्याची आठ पोती आणली. त्यात बांधलेला थर दहा दिवसांनीही नखाने खरवडत होता. पोतं उघडून भुकटीवर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. दुकानात पडून त्याचा आधीच खडू झालेला. ४,८०० रुपये आणि दोन फूट उंचीची भर वाया. दुसरा खड्डा भिजवला, तो तीन आठवड्यांनी मिळाला. पहिल्याच दिवशी दीडपट भिजवायला हवा होता. उरलेला चुना पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतो.

१८ जानेवारी

भर सुरू, खण ३ पासून. जुनी वीट ८ × ५ × दीड इंच. बाजारातली तीन इंच जाडीची वीट इथे चालत नाही, थरांची ओळच तुटते. एका खणाला खिडकी सोडून सुमारे ३० चौरस फूट, साधारण २५५ विटा. तीन खणांना ७६५. उतरवलेल्यांपैकी ५०० वापरता आल्या, बाकीच्या २६५ पाडलेल्या वाड्यातून १२ रुपये नगाने.

विटा रात्रभर भिजवून ठेवायच्या. कोरडी वीट चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि दरज भुसभुशीत राहते. दिवसाला दोन फुटांपेक्षा वर जायचं नाही. चुना सावकाश आवळतो, खालचा थर फुगतो.

वीट आणि खांब यांच्यात अर्धा इंच फट ठेवून ती बारीक कापलेला ताग मिसळलेल्या चुन्याने भरली. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. तिथे कडक माल भरला की तीच उभी भेग पुन्हा येते.

२९ जानेवारी

खण ४ ची एक दरज बाकीच्यांपेक्षा राखाडी दिसली. विचारल्यावर गवंडी म्हणाला, "साहेब, मूठभर सिमेंट टाकलं, थंडीत लवकर धरावं म्हणून. मूठभरानं काय होतंय?" नऊ थर उतरवले. त्याचा दोष तसा नाही, आयुष्यभर त्याने तेच केलं आहे. सिमेंटची पोती आवारात ठेवलीच नसती तर प्रश्नच आला नसता. ती आणली होती मोरीच्या दुसऱ्या कामासाठी. तेव्हापासून ती कुलपात.

९ फेब्रुवारी

हस्त आणि खांबांवरचा ऑइलपेंट. हिरवा, पिवळा, तपकिरी, पुन्हा हिरवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी, म्हणून घासकागद कोरडा चालवायचा नाही, मास्क, आणि ढलप्या पोत्यात बंद.

एका हस्तावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग झाला. रंग दहा मिनिटांत निघाला आणि साग काळा पडला. व्हिनेगरने धुऊन, नंतर ऑक्झॅलिक ॲसिडने थोडा उजळला, पण शेजारच्या हस्ताशी रंग जुळत नाही तो नाहीच. बाकीचे गरम हवेच्या बंदुकीने, कमी तापमानावर, आणि केळफुलाच्या पाकळ्यांत बांबूच्या कोरून टोक काढलेल्या काड्यांनी. एका हस्ताला दीड दिवस. पाकळ्यांच्या तळाशी रंगाचा एकेक बिंदू मुद्दाम ठेवला, पुढे कोणाला थर मोजायचे असतील तर.

शेवटी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान, तीन हात. पुसायला वापरलेल्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवायच्या किंवा उघड्यावर एकेक सुटी पसरायच्या.

२२ फेब्रुवारी

आतला-बाहेरचा चुन्याचा गिलावा. चुना १, सुरखी अर्धा, वाळू अडीच, पहिल्या हातात ताग. एक हात अर्ध्या इंचापेक्षा जाड नाही, दोन हातांत आठ दिवस. खण १ मध्ये एकाच हातात पाऊण इंच चढवला. बाहेर ऊन तापायला लागलेलं, तिसऱ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. खरवडून पुन्हा. मग ओल्या गोणपाटाचे पडदे, दिवसातून तीनदा शिंपण, दहा दिवस. गिलाव्याचं काम जानेवारीतच उरकायला हवं होतं. पोत्यातल्या चुन्याने खाल्लेले तीन आठवडे इथे भोवले.

१० मार्च

आतल्या लाकडांना बोरॅक्स ३ भाग आणि बोरिक ॲसिड २ भाग, गरम पाण्यात दहा टक्के, ब्रशने दोन हात. तेल लावण्याआधीच द्यायचं असतं. माळ्याच्या कड्यांना ते आधी दिलं होतं, हस्तांना विसरलं. पावसाचा मारा असलेल्या लाकडावर ते धुऊन जातं, तिथे उपयोग नाही. छपराच्या ४० फुटक्या कौलांच्या जागी जुनीच जुळवली, तीन वाशांची टोकं बदलली, पन्हळीचा पत्रा नवा.

२८ मार्च

हिशेब. गवंडी आणि दोन बिगारी ५८ दिवस, १,६२,४००. सुतार आणि मदतनीस ४६ दिवस, १,०५,८००. छप्पर ५६,०००. चुना, सुरखी, वाळू, विटा ४८,०००. लाकूड ४१,८००. टेकू-जॅक ३२,०००, ठरले होते तीन आठवडे, राहिले सात. परांची ३०,०००. राडारोडा २२,०००. वाळवीचा बंदोबस्त १८,०००. तेल, रसायनं, पाथरवट, किरकोळ १४,०००. एकूण ५,३०,०००. अंदाज ३,९०,००० होता.

टेकू एकदम काढले नाहीत. पाचरी अर्धा-अर्धा सूत सैल करत पाच दिवसांत भार खांबावर सोडला. नवा जोड पाऊण सूत बसला. एक सूत धरला होता.

१९ जुलै

सलग पाऊस. सहा काचपट्ट्या शाबूत. नोव्हेंबरात तडकलेली एक बदलली होती, तीही शाबूत. खांब ३: अर्ध्या फुटावर १७ टक्के, पाच फुटांवर १५. खांब ४ च्या ठिगळाशी १९, त्यावर लक्ष. तळखड्याच्या पन्हळीतून पाणी थेंबथेंब बाहेर येताना दिसलं. बाहेरच्या गिलाव्याला जोत्यालगत एक हात उंचीपर्यंत ओलीचा पट्टा आहे आणि त्यावर पांढरी पूड. मालकांनी विचारलं, यावर वॉटरप्रूफ रंग मारू का. नाही. ती पूड म्हणजे भिंतीतले क्षार बाहेर पडताहेत, कोरड्या ब्रशने झटकायची. खण ५ च्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा सुटला आहे, तो दिवाळीनंतर खड्ड्यात उरलेल्या चुन्याने.